नाकात मेंदूच्या आवरणाची गाठ आलीच कशी?

कवटीच्या आतल्या मेनिंजिओमाबद्दल, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या गाठीबद्दल, या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही पत्रं मी बाजूला काढून ठेवली. त्यांच्यातली गाठ मेनिंजिओमाचीच, पण भलत्या जागी: नाकात, फुप्फुसात, कानात, डोळ्यामागे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांबाहेर सुरू होणाऱ्या अशा गाठी एकूण मेनिंजिओमांत साधारण एक-दोन टक्केच असतात. त्यामुळे डॉक्टरांनाही त्या क्वचित भेटतात आणि रिपोर्ट हातात पडला की घरात नुसता गोंधळ उडतो. मी पॅथॉलॉजिस्ट, काढलेल्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासणारी. पेशंटला मी दिसत नाही, रिपोर्टाखालची सही तेवढी दिसते. तेव्हा माझी उत्तरं काचपट्टीकडे झुकणार, हे धरूनच वाचा.

प्रश्न : माझं वय ४६. बरेच दिवस डावी नाकपुडी बंद असायची, अधूनमधून रक्त यायचं. पॉलिप म्हणून दुर्बिणीतून काढला. रिपोर्ट आला, ‘मेनिंजिओमा, ग्रेड १, हाडात शिरकाव’. डॉक्टर म्हणतात साधी गाठ आहे. पण ही मेंदूची गाठ ना? मग ती मेंदूतून नाकात उतरली का? आणि हाडात शिरली असेल तर साधी कशी?

‘मेंदूतून उतरली का’ हा तुमचा सगळ्यात नेमका प्रश्न, आणि त्याचं उत्तर काचपट्टीवर मिळत नाही. ते एमआरआयवर मिळतं. तुमच्या पत्रात एमआरआयचा उल्लेखच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मेनिंजिओमा मेंदूच्या पेशींपासून होत नाही. मेंदूभोवती जी तीन आवरणं असतात, त्यांतल्या मधल्या आवरणातल्या पेशींची ही गाठ. कवटीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नसेभोवती ही आवरणं थोड्या अंतरापर्यंत सदऱ्याच्या बाहीसारखी सोबत येतात. वासाच्या नसा तर नाकाच्या छताच्या बारीक भोकांतून थेट खाली उतरतात. त्या बाहीतल्या काही पेशी कवटीबाहेर राहिल्या, किंवा गर्भ घडत असतानाच भलत्या जागी अडकल्या, तर पुढे तिथे गाठ होऊ शकते, असं मानलं जातं. ही झाली नाकातच जन्मलेली गाठ.

पण नाकात सापडलेली प्रत्येक मेनिंजिओमा तशी नसते. गाठ कवटीच्या आत, नाकाच्या छतावर बसलेली असते आणि हाड पोखरून खाली नाकात डोकावते, असंही होतं, आणि हेच जास्त वेळा होतं. नाकातून पाहणाऱ्याला तिचं फक्त टोक दिसतं. ते टोक पॉलिप म्हणून निघालं, की वरचा मोठा भाग तसाच राहतो. दोन्ही तुकडे मायक्रोस्कोपखाली तंतोतंत सारखे दिसतात. म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन केलेला डोक्याचा एमआरआय आणि कवटीच्या तळाचा बारीक कापांचा सीटी, दोन्ही लागतात. एमआरआय आवरणाची जाडी दाखवतो, सीटी हाडातलं भोक दाखवतो. खरं तर हे ऑपरेशनआधी व्हायला हवं होतं. एकाच बाजूचं नाक सतत बंद आणि त्यातून रक्त, अशी तक्रार असताना स्कॅन न करता पॉलिप ओढून काढणं मला पटत नाही. पण आता करून घ्या. ऑपरेशननंतरची सूज गाठीसारखी भासू शकते, तेव्हा नेमकं कधी करायचं ते रेडिओलॉजिस्टला विचारा.

आता हाड. ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य, मेनिंजिओमाही हाडात शिरते. तो तिचा स्वभावच आहे आणि तेवढ्यावरून तिची ग्रेड वाढत नाही. ग्रेड ठरते ती मुख्यतः पेशी किती वेगाने विभागतात त्यावर. मायक्रोस्कोपच्या मोठ्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत मिळून विभागणाऱ्या पेशी ४ किंवा जास्त असतील तर ग्रेड २, आणि २० किंवा जास्त असतील तर ग्रेड ३. मेंदूत शिरकाव झाला तरी ग्रेड २ होते. मेंदूपासून दूर असलेल्या गाठीला तो निकष लागूच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात दोन जनुकीय बदलही आले. टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल किंवा सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती नाहीशा होणं, यांतलं काहीही सापडलं तर गाठ कितीही शांत दिसो, ती ग्रेड ३. प्रत्येक ग्रेड १ साठी या तपासण्या कराव्यात असं नाही.

हाडाचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. गाठ परत येते ती बहुतेक वेळा राहिलेल्या भागातून. म्हणून सर्जनला थेट विचारा, ‘हाडातला भाग घासून काढला का, की राहिला?’ सगळं निघालं असेल आणि डोक्यात काही नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. काही राहिलं असेल आणि पुन्हा गाठता येण्यासारखं असेल तर दुसरं ऑपरेशन, नसेल तर वाढ दिसल्यावर रेडिएशनचा विचार.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ, पाण्यासारखा स्राव टपकत असेल, घशात खारट लागत असेल, तर तो सर्दीचा म्हणून सोडून देऊ नका. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो आणि त्या वाटेने मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, होण्याचा धोका असतो. स्राव स्वच्छ बाटलीत धरून त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन हे त्या द्रवाची खूण असलेलं प्रथिन आहे का ते तपासता येतं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात दोन सेंटिमीटरची गोल गाठ दिसली. पेट स्कॅनवर ती चमकली, कॅन्सर असेल म्हणून तेवढा भाग काढला. रिपोर्ट : ‘प्रायमरी पल्मनरी मेनिंजिओमा’. एका डॉक्टरांनी काहीच नको म्हटलं, दुसऱ्यांनी केमो सुचवली. डोक्याची कुठलीही तपासणी झालेली नाही. काय करू?

डोक्याची तपासणीच झालेली नाही, तर ‘प्रायमरी’ कशाच्या आधारावर लिहिलं? माझ्या टेबलावर अशी गाठ आली तर मी ‘मेनिंजिओमा’ एवढंच लिहून खाली टीप देते : डोकं आणि मणक्याचा एमआरआय पाहिल्यावरच मूळ जागा ठरवावी. काही सर्जन यावर नाराज होतात. होऊ देत.

कारण फुप्फुसात मेनिंजिओमा दोन वाटांनी येते. एक, तिथेच सुरू झालेली. अशी पहिली नोंद वैद्यकीय साहित्यात १९८२ सालची आहे आणि तेव्हापासूनच्या नोंदी काही डझनच आहेत. दुसरी, डोक्यातल्या मेनिंजिओमातून पसरलेली. डोक्यातल्या गाठी बाहेर पसरण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी, पण पसरल्या तर फुप्फुस हे त्यांचं नेहमीचं ठिकाण. आणि हे मूळ ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही घडू शकतं. म्हणून वडिलांना आधी साधा प्रश्न विचारा : पूर्वी कधी डोक्याचं ऑपरेशन झालं होतं का? जुनी पिढी अशा गोष्टी सांगायची राहून जाते, आणि विचारायचंही राहून जातं. मग एमआरआय.

पेट स्कॅनचं म्हणाल तर तो पेशी साखर किती ओढतात ते दाखवतो. चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. साध्या मेनिंजिओमाही चांगल्या चमकतात. पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर शोधणारा वेगळा पेट स्कॅन असतो, गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा. मेनिंजिओमा त्यासाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध जोरात धरतात, त्यामुळे डोक्यात किंवा इतरत्र दुसरी गाठ लपली आहे का हे शोधायला त्याचा उपयोग होतो. पण फुप्फुसातला कार्सिनॉइड, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, हीसुद्धा ते धरते. तेव्हा एकट्या स्कॅनवर निदान होत नाही.

इथे माझ्या कामाचा भाग येतो आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. फुप्फुसात भोवऱ्यासारख्या रचनेत फिरणाऱ्या पेशी दिसल्या, मध्ये कॅल्शियमचे गोल थरदार कण दिसले, की मेनिंजिओमा मनात येतेच. पण लांबट पेशींच्या गाठी फुप्फुसात अनेक, आणि त्यांची सोंगंही अनेक. म्हणून आयएचसी, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना रंगवणाऱ्या तपासण्या. मेनिंजिओमात ईएमए आणि एसएसटीआर-२ए ही प्रथिनं पॉझिटिव्ह, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर बहुधा पॉझिटिव्ह. यांतली एकटी-दुकटी तपासणी पुरत नाही, कारण ईएमए इतर पुष्कळ गाठींतही रंगते. तितकंच महत्त्व न रंगणाऱ्यांना. स्टॅट-६ पेशींच्या केंद्रकात रंगलं तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. सिनॅप्टोफायसिन रंगलं तर कार्सिनॉइड किंवा पॅरागँग्लिओमाच्या दिशेने जायचं. केराटिन जोरात रंगलं तर लांबट पेशींचा कार्सिनोमा किंवा थायमोमा. सॉक्स-१० रंगलं तर नसेच्या आवरणाची श्वानोमा किंवा मेलॅनोमा. रिपोर्टात हा परिच्छेद शोधा. नसेल, किंवा त्यात फक्त ईएमए असेल, तर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला गाठीचा तुकडा) आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि मेंदूच्या गाठी रोज पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे न्या. ब्लॉक पेशंटच्या कामासाठीच ठेवलेले असतात, मागायला संकोच नको. नेताना स्कॅनची सीडीही न्या. फोनवर काढलेला रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आम्हाला काही सांगत नाही.

हे सगळं जुळलं, डोकं आणि मणका स्वच्छ निघाला आणि गाठ ग्रेड १ असून पूर्ण निघाली असेल, तर उपचार झाला. या गाठीवर काम करणारी ठरलेली केमो नाही. सुचवणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘कुठल्या आधारावर?’ फुप्फुसातल्या मोजक्या मेनिंजिओमा घातक निघाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून छातीचा सीटी अधूनमधून होत राहावा.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची. जन्मापासून डोक्याच्या मागे, बरोबर मध्यरेषेवर मऊ गाठ आहे. वर केस नाहीत, भोवती मात्र दाट काळे केस. लहानसं ऑपरेशन आहे, जागा बधिर करून काढू म्हणतात.

थांबा. मध्यरेषेवरची जन्मजात गाठ आणि भोवती केसांचं कडं हे आत मेंदूच्या आवरणाशी नातं असल्याचं लक्षण असू शकतं. अशा गाठींत आवरणाच्या पेशी कातडीखाली राहून गेलेल्या असतात. काहींत कवटीच्या भोकातून आतपर्यंत धागा असतो, काहींत मेंदूचा भागही बाहेर आलेला असतो. रडताना गाठ फुगते का ते पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. एमआरआय होईपर्यंत सुई नाही, चिरा नाही. आत काही जोडलेलं निघालं तर हे काम लहान मुलांच्या न्यूरोसर्जनचं. नातं नसेल तर खरंच लहान ऑपरेशन आहे, आणि अशा जन्मजात गाठी पूर्ण निघाल्या की सहसा त्रास देत नाहीत. काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

प्रश्न : बहीण ४१ वर्षांची. उजव्या डोळ्याची नजर हळूहळू कमी होत गेली, दुखलं कधीच नाही. आधी नसेची सूज म्हणून स्टिरॉइड दिली. आता एमआरआयवरून ‘ऑप्टिक नर्व्ह शीथ मेनिंजिओमा’. न्यूरोसर्जन म्हणतात, बायोप्सी नाही, ऑपरेशन नाही, फक्त रेडिएशन. तुकडा न तपासता थेट रेडिएशन? तुम्ही स्वतः पॅथॉलॉजिस्ट, तुम्हाला हे पटतं?

पटतं. आणि इतर कुठल्याही गाठीबद्दल मी इतक्या सहज हे म्हणणार नाही.

दृष्टीची नस मेंदूच्या आवरणांतच गुंडाळलेली असते. ही गाठ त्या आवरणात, नसेच्या सभोवार वाढते. नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्याच आवरणातून जातात. गाठ सोलून काढायची म्हणजे त्या रक्तवाहिन्याही जातात, आणि डोळा आंधळा होण्याची शक्यता फार मोठी. बायोप्सीलाही हाच धोका. उलट एमआरआयचं चित्र पुरेसं बोलकं असतं : कॉन्ट्रास्ट दिल्यावर नसेच्या दोन्ही बाजूंना उजळ पट्टे आणि मध्ये न उजळलेली नस. त्यासाठी डोळ्याच्या खोबणीतली चरबी दाबून घेतलेले खास फोटो लागतात. साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये हे निसटतं. सीटीवर त्या पट्ट्यांत कॅल्शियम दिसलं तर आणखी बळ. मध्यम वयाची स्त्री, न दुखता हळूहळू कमी होणारी नजर, हेही जुळतं. नसेची सूज बहुधा काही दिवसांत नजर घेते आणि डोळा हलवताना दुखतो. स्टिरॉइडने या गाठीतही काही काळ बरं वाटू शकतं, म्हणून सुरुवातीला गफलत होते.

बायोप्सी मी कधी मागेन? नजर आठवड्या-आठवड्याने ढासळत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा एमआरआयचं चित्र नेहमीसारखं नसेल तर. सारकॉइडोसिस (एक दाहाचा आजार), लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आणि पसरलेला कॅन्सरही या आवरणात बसतो.

रेडिएशन छोट्या मात्रांत देतात, बहुधा दर खेपेला १.८ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) आणि एकूण ५० ते ५४ ग्रे, म्हणजे साधारण २८ ते ३० खेपा. एका झटक्यात मोठी मात्रा देणारी रेडिओसर्जरी इथे सहसा टाळतात, नसेला ती झेपत नाही. बहुतेकांची नजर आहे तिथे टिकते, काहींची सुधारते. नंतर पडद्याला किंवा पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते, म्हणून डोळ्यांच्या आणि हार्मोनच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. बहिणीची नजर अजून चांगली असेल आणि दर तपासणीत तेवढीच राहत असेल, तर रेडिएशनची घाई न करता नजर आणि दृष्टिक्षेत्र मोजत थांबणं हाही रास्त पर्याय आहे. गाठ मागे सरकून दुसऱ्या डोळ्याच्या नसेकडे निघाली तर मात्र ऑपरेशनची चर्चा पुन्हा होते.

प्रश्न : कवटीच्या हाडातली मेनिंजिओमा निघाली. आधी फायब्रस डिस्प्लेशिया (हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढण्याचा आजार) समजत होते. सहा वर्षं दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घेते आहे. त्यानेच झाली का?

‘त्यानेच’ असं एका व्यक्तीबाबत कुणी सांगू शकत नाही. पण संबंध आहे. तीन महिन्यांच्या इंजेक्शनात बहुधा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. फ्रान्समधल्या आरोग्य-नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हे इंजेक्शन वर्षभर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या स्त्रियांत ऑपरेशन करावं लागलेल्या कवटीतल्या मेनिंजिओमाचा धोका पाचपटीहून जास्त दिसला. मुळात हा आजार कमी, त्यामुळे पाचपट होऊनही बहुसंख्य स्त्रियांना तो होत नाही. सायप्रोटेरॉन या हार्मोनसारख्या औषधाच्या मोठ्या मात्रांचा संबंध तर आधीपासून माहीत आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० साली रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रेवर बंधनं आणली. ते औषध थांबवल्यावर काही गाठी आकसल्याही आहेत.

तुमचं निदान झालेलं आहे, तेव्हा पुढचं इंजेक्शन घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा आणि दुसरं साधन ठरवा. तांबी चालते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणाऱ्या लूपमध्ये त्या अभ्यासात वाढीव धोका दिसला नाही, पण गाठ असताना हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा. काढलेल्या गाठीवर प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर रंगवला आहे का तेही पाहा. रंगला असला तरी त्यावर हार्मोनविरोधी गोळ्या घेऊन उपयोग होत नाही. मिफेप्रिस्टोन या प्रोजेस्टेरॉनविरोधी गोळीचा प्रयत्न झाला आणि फसला.

प्रश्न : मोबाइलमुळे होते का?

तसा पुरावा नाही. लहानपणी डोक्याला मिळालेलं रेडिएशन हे मात्र सिद्ध झालेलं कारण आहे. डोक्यावरच्या गजकर्णासाठी एके काळी क्ष-किरण देत, त्या मुलांत पुढे मेनिंजिओमा जास्त आढळल्या.

प्रश्न : उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून पडद्यामागचा मांसल भाग काढला. जुना कान फुटण्याचा आजार समजत होते, निघाली मेनिंजिओमा ग्रेड १. पुढे किती वर्षं तपासण्या?

आधी पहिल्या पत्राचं उत्तर वाचा. मधल्या कानाचं छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा, त्याच्या वर लगेच मेंदूचं आवरण. इथल्या अनेक गाठी वरून आलेल्या असतात, तेव्हा सीटी आणि एमआरआय दोन्ही हवेत.

कवटीबाहेरच्या गाठींसाठी वेगळं वेळापत्रक नाही, कवटीतल्यांचंच उसनं घेतो. ग्रेड १ पूर्ण निघाली असेल तर पहिली पाच वर्षं दर वर्षी एमआरआय, नंतर दोन वर्षांनी एकदा. ग्रेड २ असेल तर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ग्रेड ३ ला दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि तिथे ऑपरेशननंतर रेडिएशनही ठरलेलं. कानात भाग राहिला असेल तर तुमच्या डॉक्टरांना अंतर कमी करावंसं वाटेल, ते ऐका. दर खेपेला एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात करा आणि जुनी सीडी सोबत न्या. दोन मिलिमीटरची वाढ नुसता लेखी रिपोर्ट वाचून कळत नाही, दोन्ही फोटो शेजारी ठेवावे लागतात. शिवाय चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, कानातून पाणी आलं किंवा ऐकू येणं आणखी घटलं, तर तारखेची वाट न पाहता जा.